गोडा मसाला घरी करायचाय? मग पाव किलोच करा

गोडा मसाल्याची कृती कुणाकडेही मागा, ती "दोन किलो धणे घ्या" इथूनच सुरू होते. ते माप दहा-बारा माणसांच्या घराचं, वर्षभराच्या बेगमीचं आणि कांडपावर न्यायच्या डब्याचं. आपल्या घरात माणसं तीन नाहीतर चार आणि हाताशी फक्त मिक्सर. मी पहिल्यांदा मसाला केला तेव्हा त्या मापाला चारने भागून अर्धा किलो धणे घेतले, तरी सव्वा किलो मसाला झाला. तोही कडू, कारण तीळ करपले होते. एवढा मसाला टाकून द्यायला धीर होईना. दोन महिने आमटीत गूळ वाढवत नेला आणि शेवटी डबा उकिरड्यावर रिकामा केलाच.

म्हणून इथलं माप शंभर ग्रॅम धण्यांचं आहे. यातून साधारण पाव किलो मसाला होतो. रोज चमचाभर लागला तर अडीच-तीन महिने पुरतो. बिघडला तर हळहळ कमी, आणि संपला की पुन्हा करायचा, म्हणजे वर्षात चार वेळा हात बसतो.

आधी नावाचा घोळ मिटवू. गोडा म्हणजे गोड नव्हे, यात साखर-गूळ काही पडत नाही. तिखट कमी, आणि भाजलेल्या खोबऱ्या-तिळाचा गोडसरपणा, म्हणून गोडा. पुण्याकडच्या कित्येक घरांत यालाच काळा मसाला म्हणतात. पण सोलापूर-मराठवाड्याकडच्या माणसाकडे काळा मसाला मागितलात तर मिरच्या घातलेला, गडद भाजलेला झणझणीत मसाला हातात पडेल. गरम मसाला हे आणखी वेगळं प्रकरण. त्यात सहसा खोबरं, तीळ, दगडफूल नसतं आणि तो बहुधा शेवटी भुरभुरतात. गोडा मसाला आमटीबरोबर उकळायचा असतो.

सामान

धणे १०० ग्रॅम, सुकं खोबरं ५० ग्रॅम, पांढरे तीळ ३० ग्रॅम, जिरं २० ग्रॅम, खसखस १० ग्रॅम. हा झाला मसाल्याचा देह.

मग सुगंधाचं सामान: दगडफूल ५ ग्रॅम, दालचिनी ५ ग्रॅम, काळी मिरी ५ ग्रॅम, शहाजिरं ५ ग्रॅम, लवंग ४ ग्रॅम, नागकेशर ३ ग्रॅम, तमालपत्राची सहा-सात पानं, मसाला वेलच्या तीन, बाद्यान (चक्रीफूल) दोन, जायपत्रीची एक पाकळी.

शिवाय हळकुंडाचा बोटाच्या पेराएवढा तुकडा, खड्याचा हिंग दोन हरभऱ्यांएवढा, सुक्या लाल मिरच्या चार-पाच, आणि भाजायला दोन मोठे चमचे तेल. मिरच्या ब्याडगी घेतल्या तर रंग येतो, तिखटपणा बेताचा राहतो. हावेरी जिल्ह्यातल्या ब्याडगी गावावरून नाव पडलेली ही मिरची सुकल्यावर सुरकुततेच, तेव्हा ती सुरकुतलेली दिसली म्हणून जुनी समजू नका.

पाच ग्रॅम, तीन ग्रॅम ऐकून किराणा दुकानदार वैतागतो. माझ्या दुकानदाराशी झालेला संवाद:

"दगडफूल किती देऊ ताई? पन्नास?"

"पाच ग्रॅम."

"पाचाला काटा हलत नाही. दहा घ्या."

दहा घेतलं. घरी आल्यावर कळलं की पाच ग्रॅम दगडफूल म्हणजेच चांगली मूठभर होतं, इतकं ते हलकं. पन्नास ग्रॅममध्ये डबा भरला असता. पुण्या-मुंबईत असाल तर काष्ठौषधीच्या दुकानात जा. तिथे असली किरकोळ मापं देताना कुणी तोंड वाकडं करत नाही, आणि नागकेशरासारखं किराण्यात न मिळणारं सामानही मिळतं. भवानी पेठ, लालबागची मिरची गल्ली या जागा मोठ्या खरेदीला उत्तम, पण पहिल्याच खेपेला तिथे गेलात तर पिशव्या भरून परत याल.

घेताना काय बघायचं? खोबऱ्याची वाटी फोडून आतून बघा. काळे-हिरवे ठिपके नकोत. कडेचा तुकडा चावून बघा, जरा जरी खवट लागला तरी ती वाटी नको, कारण तो खवटपणा भाजल्याने जात नाही, उलट सगळ्या मसाल्याला लागतो. लवंगेला डोकं हवं, आणि नखाने दाबली की तेलकट ओल दिसायला हवी. तेल काढून घेतलेल्या लवंगा विकल्या जातात. त्या पाण्यावर आडव्या तरंगतात, चांगली लवंग बुडते किंवा निदान उभी राहते. मिरीत पपईच्या बिया मिसळल्याचा संशय आला तर हाच पाण्याचा प्रयोग करा, पपईच्या बिया वर येतात. दालचिनी म्हणून बाजारात मिळणारी जाड, खरबरीत साल बहुधा कॅशियाची, म्हणजे दालचिनीच्याच जातकुळीतल्या दुसऱ्या झाडाची असते. खरी दालचिनी पातळ, कागदाच्या सुरळीसारखी थरांवर थर असलेली. गोड्या मसाल्याला जाड सालही चालते, तिचा वास उग्र आणि टिकाऊ. पातळ दालचिनी इतक्या सामानात हरवून जाते, उगाच महाग पडते.

दगडफुलावर मात्र जरा थांबू, कारण नवखा माणूस नेमकं तेच वगळतो. हे फूलही नाही आणि दगडातून उगवतही नाही. बुरशी आणि शैवाल एकत्र नांदून खडकांवर, झाडांच्या सालींवर जे पापुद्रे धरतात ते हे. एका बाजूने राखाडी, दुसऱ्या बाजूने काळं. कोरडं हुंगलंत तर जवळजवळ काहीच वास येत नाही, आणि वाटतं, हा कचरा मसाल्यात कशाला? पण बाकी सगळं सामान घालून दगडफूल वगळलंत तर मसाला चांगला होईल, गोडा होणार नाही. ते धुवायचं नाही. कागदावर पसरून चिकटलेले सालींचे तुकडे आणि खडे वेचायचे, चाळणीत हलवून माती पाडायची.

ऊन

धणे आणि जिरं निवडा, काड्या-खडे काढा. सगळं सामान (खोबरं, तीळ, खसखस सोडून) एक दिवस कडक उन्हात ठेवा. मसाले फाल्गुन-चैत्रापासून वैशाखापर्यंत करतात ते याच कारणासाठी. फ्लॅटमध्ये ऊन नसेल तर मंद आचेवर जरा जास्त वेळ भाजावं लागेल, एवढंच.

भाजणं

सगळा मसाला इथे होतो किंवा बिघडतो. नियम एकच: एका वेळी एकच जिन्नस. धणा जाड, तीळ चिमुकला, लवंगेत तेल, दगडफूल म्हणजे पापुद्रा. एकत्र टाकलंत तर धणे कच्चे असतानाच तीळ जळतात. "सगळं एकत्र भाजून घ्यावे" असं लिहिलेली कृती दिसली तर पुढे वाचू नका.

गॅस पेटवायच्या आधी सगळं मोजून वेगवेगळ्या वाट्यांत मांडा. जाड बुडाची कढई (लोखंडी असेल तर फारच छान), लाकडी उलथनं, आणि भाजलेलं पसरायला मोठी परात. आच पूर्ण वेळ मंद. फोन दुसऱ्या खोलीत. हे मी गमतीने म्हणत नाही, माझे तीळ फोनवर बोलतानाच करपले.

आधी कोरडे भाजायचे जिन्नस घ्या, म्हणजे कढईला तेल लागण्यापूर्वी ते होऊन जातात.

तीळ. कढई तापली की टाका आणि हलवत राहा. एक-दोन तीळ उडायला लागले की सावध व्हा, तडतड वाढली की लगेच परातीत ओता. रंग हवा तेवढा आला नाही असं वाटेल. वाटू द्या. गरम तीळ परातीत पडल्यावरही थोडे भाजतच राहतात. हेच प्रत्येक जिन्नसाला लागू आहे: हवा त्या रंगाच्या अलीकडे उतरवायचं.

खसखस. मिनिटभर पुरे. जरा फुगीर दिसते, हाताला गरम लागते, झालं.

खोबरं. किसून घ्या, तुकडे नकोत, कारण तुकडे बाहेरून जळतात आणि आतून पांढरे राहतात. सात-आठ मिनिटं लागतात आणि त्यातली पहिली पाच काहीच घडत नाही. पांढरा कीस मोतिया होतो, मग कडांना बदामी झाक येते, आणि इथून पुढे गाडी एकदम सुटते. बदामीचं तपकिरी व्हायला मिनिटही लागत नाही. मसाल्याचा रंग बराचसा इथून येतो, म्हणून बदामीवर थांबू नका, पण खारकेच्या रंगापुढेही जाऊ नका. हातात चुरडून बघा: कीस कुरकुरीत तुटला आणि बोटांना तेल लागलं की उतरवा.

आता चमचाभर तेल घालून धणे. यांना वेळ द्या, सहा-सात मिनिटं. आधी कच्चा, गवतासारखा वास येतो. मग तो जातो आणि भाजलेल्या दाण्याच्या जवळचा वास येतो. एक धणा गार करून दाताखाली धरा. कुडकन फुटला तर झाले, चिवट लागला तर अजून दोन मिनिटं. जिरं मग त्याच कढईत, रंग एक छटा गडद होईपर्यंत. शहाजिरं तर नुसतं कढईला भेटवून काढायचं, दहा-पंधरा सेकंद. जिरं जळलं की कडूपणा येतो आणि त्यावर इलाज नाही.

उरलेलं तेल घालून खडे मसाले. सुरुवात हिंगाच्या खड्याने: तो फुगतो, हलका होतो आणि बोटांनी चुरडता येतो. आतून चिकट राहिला तर कच्चा आहे, परत तळा. हळकुंड खलबत्त्यात आधी ठेचून मगच तळा. अख्खं हळकुंड मिक्सरच्या पात्याशी भांडतं आणि बहुधा पातं हरतं. (हळकुंड नसेल तर हळदपूड चमचाभर घ्या, ती भाजायची नाही, दळताना मिसळायची.) मग दालचिनी, मसाला वेलची, बाद्यान, मिरी, लवंग, नागकेशर, प्रत्येकाला पंधरा ते तीस सेकंद. वेलची आधी जरा ठेचून घ्या, अख्खी फुगून फुटते आणि तेल अंगावर उडतं. मिरीही उडते, तोंड कढईवर नेऊन वास घेत बसू नका. लवंग टपोरी झाली की काढा. जायपत्री आणि तमालपत्र कुरकुरीत होईपर्यंत. मिरच्या टाकण्याआधी खिडकी उघडा, घरातल्यांना सूचना द्या.

सगळ्यात शेवटी दगडफूल, कारण ते उरलंसुरलं तेल पिऊन टाकतं. तेलात पडताच पापुद्रे आक्रसतात, कडा काळ्या-कुरकुरीत होतात, आणि ज्याला मघाशी वास नव्हता त्यातून जुन्या लाकडी पेटीचं झाकण उघडल्यासारखा वास स्वयंपाकघरभर होतो. पंधरा-वीस सेकंदांचा खेळ. धूर दिसला म्हणजे उशीर झाला.

गार होऊ द्या, मग दळा

माझी दुसरी फजिती इथली. तीळ नीट जमले म्हणून आनंदाने कोमट असतानाच दळलं आणि लगेच बरणीत भरून झाकण लावलं. दिवस जुलैचे. बरणीच्या आत वाफ धरली, आणि तीन आठवड्यांनी मसाल्याचे गठ्ठे झाले, वास कुबट. दुसरी खेपही गेली. तेव्हा परातीतलं सामान किमान दोन-तीन तास पंख्याखाली (पावसाळ्यात पंख्याखालीही नको, हवाच दमट असते) पूर्ण गार करा. हाताला गार लागलं तरी ढिगाच्या मध्यात बोट घालून बघा.

दळायचा क्रम कठीण सामानापासून मऊ सामानाकडे. आधी हळकुंड, हिंग, दालचिनी आणि बाकीचे खडे मसाले बारीक करा. मग धणे-जिरं. तीळ, खसखस आणि खोबरं शेवटी, आणि तेही एकटं नाही, धण्याच्या पुडीबरोबर. ही मंडळी तेलाची. एकटी फिरवलीत तर भांड्याच्या तळाशी चटणी होते. मिक्सर सलग चालवायचा नाही. दहा सेकंद चालू, मग बंद, भांड्याच्या बाहेरून हात लावून बघा. भांडं गरम झालं म्हणजे आतला सुवास उडून चालला आहे. कांडपावर कुटलेल्या मसाल्याचा स्वाद वेगळा लागतो त्याचं एक कारण हेच, तिथे मसाला मिक्सरइतका तापत नाही. पण पाव किलोसाठी कांडपवाला डंख (कुटायचं यंत्र) चालू करत नाही, तेव्हा मिक्सरच आपला.

चाळून घ्या, वरचा जाडसर भाग परत फिरवा. अगदी पिठासारखा बारीक करायचा हट्ट नको. चाळणीवर शेवटी चमचाभर चोथा उरतोच, तो त्याच दिवशी उसळीत घाला. मग सगळ्या पुडी परातीत एकत्र करून हाताने चोळा. आता वास घेतलात तर लवंग वेगळी, धणे वेगळे, खोबरं वेगळं जाणवेल. निराश होऊ नका, एक-दोन दिवस बंद बरणीत मुरल्यावर ते एकमेकांत मिसळतात.

बरणी

काचेची किंवा चिनीमातीची, धुऊन उन्हात वाळवलेली. मसाला दाबून भरा, मध्ये आणि वर हिंगाचे एक-दोन खडे ठेवा, कीड लागत नाही. ओला चमचा घालणाऱ्याला घरात ओळखून ठेवा. रोजच्यासाठी छोटी डबी बाहेर, बाकीची बरणी फ्रीजमध्ये, कारण खोबऱ्या-तिळातलं तेल उन्हाळ्यात लवकर खवट होतं. बरणीवर तारखेची चिठ्ठी लावा.

पहिली आमटी

परीक्षा घ्यायची तर चिंचगुळाच्या आमटीवर. वाटीभर तुरीची डाळ मऊ शिजवून घोटा. मोहरी, हिंग, हळद, कढीपत्ता यांची फोडणी, त्यावर डाळ आणि पाणी. चिंचेचा कोळ मोठा चमचाभर, गूळ लिंबाच्या निम्म्याएवढा, मीठ, तिखट चवीपुरतं, आणि गोडा मसाला दीड चमचा. मसाला फोडणीत नाही, उकळत्या आमटीत. तो आधीच भाजलेला आहे, गरम तेलात पडला तर खोबरं जळतं. सात-आठ मिनिटं खळखळ उकळा. भरल्या वांग्यांत तो दाण्याच्या कुटाबरोबर सारणात जातो, मसालेभातात तांदूळ परतताना.

चाखल्यावर काही खटकलं तर: लवंग किंवा दालचिनी पुढे आली असेल तर वीसेक ग्रॅम धणे आणि थोडं खोबरं नव्याने भाजून, दळून मसाल्यात मिसळा. दगडफूल जास्त झालं की आमटी मातकट लागते, उपाय तोच. मसाला फिका, पिवळट आणि कच्चा लागला तर धणे कमी भाजले गेले. पुडी कोरड्या कढईत परत भाजायच्या भानगडीत पडू नका, हमखास जळते. तो मसाला उसळीत घाला, तिथे जास्त वेळ शिजतो. आणि कडू झाला असेल तर माझ्यासारखे दोन महिने घालवू नका.

एवढं जमल्यावर हात शिवशिवतात आणि माणूस थेट कोल्हापुरी कांदा-लसूण मसाल्याकडे वळतो. जरा दम धरा. त्यात कांदा आणि लसूण असतो, आणि त्यांतली ओल पूर्ण गेली नाही तर अख्ख्या बरणीला बुरशी येते. उन्हाळ्यात, कांदा कडकडीत वाळवून, कुणीतरी जाणतं शेजारी उभं असताना करायचा तो प्रकार. त्याआधी मालवणी मसाला करून बघायला हरकत नाही. भाजण्याची शिस्त हीच, फक्त पारडं मिरच्यांकडे झुकलेलं.

परदेशी असलेल्या मुलांसाठी करून पाठवणार असाल तर एक गोष्ट. दुबई, अबूधाबी, म्हणजे संयुक्त अरब अमिरातीत खसखशीला बंदी आहे आणि विमानतळावर ते लोक ती गांभीर्याने पाळतात. मसाल्यात दळलेली आहे, कुणाला दिसतेय, असा विचार करू नका. तिकडची पिशवी वेगळी करा, खसखशीच्या जागी दहा ग्रॅम तीळ जास्त घाला आणि पिशवीवर ठळक लिहा: "खसखस नाही". माझ्या फ्रीजमध्ये सध्या अशा दोन बरण्या शेजारी शेजारी आहेत. चवीवरून ओळखता येत नाही, चिठ्ठी वाचावी लागते.